फुगवटा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या खडकवासल्याच्या आळीतली मुले माणसांत राहत नाहीत. शाळेला सुट्टी लागायचा अवकाश, घमेली, पोती, मोडकी खुरपी घेऊन सारी पलटण धरणाच्या काठाकडे धावते. किल्ला करायचा असतो. समोर खरा सिंहगड उभा आहे, मान वर केली की दिसतो. पण तेवढ्याने मुलांचे भागत नाही. त्यांना तो अंगणात हवा असतो, आणि शक्य तर शेजारच्या आळीतल्या गडापेक्षा वीतभर उंच. मग माती येते, अळीव पेरले जातात, मावळ्यांना रंग चढतो. आणि या सगळ्याच्या आधी दगड येतात.

दगड आले की माझे काम सुरू होते. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येक शिलेदाराला एकच हुकूम देतो : आधी काठीने उलथवायचा, मग हात लावायचा. हे मी इतक्या वर्षांपासून आणि इतक्या नेमाने करीत आलो आहे की मुलांनी माझे नाव विंचूआजोबा ठेवले आहे. नाव ठेवणाऱ्यांची पहिली तुकडी आता नोकरीला लागली. नाव मात्र मागे राहिले आहे.

विंचवाकडे आपण मराठी माणसे जरा थट्टेनेच पाहतो. नाथांनी त्याला भारुडात आणले आणि महाराष्ट्राला पोट धरून हसवले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा म्हणून बदलीच्या नोकरीतल्या माणसाला त्याची उपमा मिळाली. साप म्हटले की घरात शांतता पसरते. विंचू म्हटले की कुणीतरी हमखास विनोद करतो. भीती वाटलीच तर ती इंगळीची. इंगळी काळी, थोराड, नांग्या पसरून अशी येते की भल्याभल्यांनी पाटावर चढावे. प्रत्यक्षात तिच्या दंशाने माणूस बहुधा रात्रभर विव्हळतो आणि सकाळी चहा पितो. खरा घातकी तो तांबडा. बोटाएवढा, अंगाने किडकिडीत, फिकट विटकरी रंगाचा. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या फटींत तो असतो, आणि इकडे पुण्याच्या आसपासच्या माळांवरही. ज्याची भीती वाटायला हवी तो दिसायला इतका क्षुल्लक असावा, ही निसर्गाची गंमत मला कधीच आवडलेली नाही.

माझे मूळ गाव महाड तालुक्यातले. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. १९६६ सालच्या भातकापणीत माझा धाकटा भाऊ बाळू याला तांबडा विंचू चावला. तो आठ वर्षांचा होता, मी तेरा. खळ्यावर पेंढ्या रचायचे काम चालले होते. त्याने एक पेंढी उचलली आणि हात झटकला. ओरडला नाही. ‘अण्णा, काहीतरी चावलं,’ एवढेच म्हणाला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांनी चपलेने विंचू मारला, बाळूला कडेवर घेतले आणि घरी आणून ओटीवर निजवले. शेजारच्या वाडीत विंचू उतरवणारा एक म्हातारा होता. त्याला बोलावणे धाडले. तो शेतावर गेला होता. यायला दोन तास लागले. तोवर बाळूला घाम फुटला. असा घाम मी पुन्हा कुणाला आलेला पाहिला नाही. अंगाखालची सतरंजी भिजली. हातपाय मात्र गार. ओकाऱ्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली. म्हाताऱ्याने मंत्र घातला, राख लावली. मग त्याने स्वतःच अण्णांना बाजूला घेऊन सांगितले, ‘हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या.’ तो माणूस प्रामाणिक होता, हे मला आजही म्हणावेसे वाटते.

डोली करून त्याला नेले. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी इंजेक्शने दिली, बाटली लावली, रात्रभर उशाशी उभे राहिले. मध्यरात्रीनंतर बाळूला दम लागला. निजता येईना, बसता येईना. पहाटे तोंडाशी फेस आला, गुलाबी रंगाचा. उजाडायच्या आत सारे संपले. घरी रांगोळीचे डबे काढून ठेवले होते, ते आईने तसेच माळ्यावर ठेवून दिले.

डॉक्टर म्हणाले, विष भिनले. गावातले लोकही तेच म्हणाले. अण्णा काही बोलले नाहीत.

पुढे मी शिकलो, आणि १९७६ साली खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नोकरीला लागलो. हे केंद्र १९१६ सालचे. धरणाच्या खालच्या अंगाला त्याचा विस्तीर्ण आवार पसरला आहे, आणि त्या आवारात नद्या, बंदरे, धरणे लहान करून मांडलेली असतात. ओढ्याएवढी नदी, हौदाएवढे बंदर. खरे धरण बांधण्याआधी त्याच्या नमुन्यावर पाणी सोडून पाहायचे, कुठे तुंबते, कुठे उसळते, कुठे तळ खरवडते ते मोजायचे. माझे काम मोजण्याचे. काठावर उकिडवे बसायचे, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. सदतीस वर्षे मी हेच केले. नातेवाइकांना मी नक्की काय करतो ते कधी सांगता आले नाही. ‘पाणी बघतो,’ असे आई शेजारणींना सांगे, आणि ते अगदी खरे होते.

आमच्या केंद्रात जुनी माणसे १२ जुलै १९६१ विषयी बोलत. त्या दिवशी पानशेतचे नवे धरण फुटले, मग खडकवासला फुटले, आणि पुण्याने काय पाहिले ते पुणेकर अजून विसरलेले नाहीत. पाण्याच्या धंद्यातला माणूस त्या गोष्टीतून एवढेच उचलतो : आत किती येते आहे आणि बाहेर किती जाते आहे, या दोन आकड्यांवर सारा खेळ आहे. खालचे दार बंद आणि वरून येणारे पाणी चालूच, म्हणजे फुगवटा मागे चढत जाणार. आमच्याकडे धरणाच्या मागे तुंबून वर वर सरकणाऱ्या पाण्याला फुगवटा म्हणतात. शब्द किती नेमका आहे!

आता सूनबाईंविषयी सांगायला हवे. धाकट्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा मुलगी डॉक्टर आहे एवढे ऐकून आम्ही खूश झालो. कशाची डॉक्टर, तर भूल देणारी. माझ्या सौभाग्यवतीचा चेहरा किंचित उतरला. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली की पेढे सर्जनला जातात. भूल देणाऱ्याचे नावही घरच्यांच्या लक्षात राहत नाही. ‘म्हणजे झोपवायचं आणि मग काय?’ असे तिने सुनेला लग्नानंतर महिन्याभराने, जरा धीर करून, विचारलेही. सूनबाई हसली. म्हणाली, ‘मग तिथेच बसायचं, आई. तो माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेईपर्यंत उठायचं नाही.’

ही मंडळी अतिदक्षता विभागात कशी आली, हे मला तिच्याकडूनच कळले. १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे गुदमरून मरत. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या एका भूलतज्ज्ञाला बोलावले. तोवर भूल देणाऱ्याची जागा ऑपरेशनच्या टेबलाशी. तापाच्या वॉर्डात त्याचे काय काम? इब्सेनने रक्ताचे आकडे पाहिले आणि सांगितले, हे विषाणूने मरत नाहीत, आत साचलेल्या वायूने मरत आहेत. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून त्याने नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. पण यंत्रे नव्हती. मग वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून बसले. सुमारे दीड हजार विद्यार्थी, कित्येक महिने, दिवसरात्र, हाताने पिशवी दाबत. त्यातूनच पुढे अतिदक्षता विभाग जन्माला आला. सूनबाई हे सांगत होती तेव्हा माझ्या मनात एकच चित्र होते : पहाटेची वेळ, आणि एक पोरगा दुसऱ्याच्या मुलाला हाताने श्वास देतो आहे.

करोनाच्या साथीत आपण सगळेच या शास्त्राचे अर्धेमुर्धे विद्यार्थी झालो. बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा वाचायचे ते छोटे यंत्र घरोघरी आले. त्याचे मूळ तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली शोधले, आणि साथ ऐन भरात येत असताना, एप्रिल २०२० मध्ये, तो वारला. आमच्या आळीत बायका कुंकवाचा करंडा ठेवाव्या तसे ते यंत्र देव्हाऱ्याजवळ ठेवीत. सहा मिनिटे चालून आकडा पाहायचा, तो घसरला तर दवाखाना गाठायचा, हे सगळ्यांना पाठ झाले होते. सूनबाई तेव्हा वरच्या खोलीत वेगळी राहत होती. रात्री कधी येते, पहाटे कधी जाते, आम्हाला गाडीच्या आवाजावरून कळे. त्या काळातली तिची मुद्रा मी वर्णन करणार नाही.

तर त्यानंतरच्या एका दिवाळीत, मुले दगड उलथीत असताना, तिने मला सहज विचारले, ‘बाबा, तुम्ही विंचवाचं एवढं का मनावर घेता?’ मी तिला बाळूविषयी सांगितले. मुलालाही मी ते इतके तपशीलवार कधी सांगितले नव्हते. ती मध्ये फक्त दोन प्रश्न विचारीत होती : घाम किती होता, आणि हातपाय गार होते का. मी गुलाबी फेसाविषयी बोललो तेव्हा तिने मान हलवली.

‘त्याच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं, बाबा.’

‘विषानं?’

‘विषानं, पण थेट नाही.’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.’

मग पायरीवर बसून, मुलांच्याच एका काडीने मातीत रेघा ओढीत, तिने मला समजावले. तांबड्या विंचवाचे विष हृदयाला विषासारखे मारीत नाही. ते मज्जातंतूंची दारे सताड उघडी टाकते आणि शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. एखाद्याला वाघ समोर दिसल्यावर जे क्षणभर व्हावे, ते तासन् तास होत राहते. अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. हृदय जीव तोडून रक्त पुढे ढकलते, पण पुढची वाट अरुंद झालेली. हृदयाच्या डाव्या भागाच्या लगेच मागे काय आहे? फुप्फुसे.

‘फुगवटा,’ मी म्हणालो.

‘अगदी तोच.’

मी काही वेळ गप्प बसलो. पंप चालू, खालचे दार बंद, मागे पाणी चढते आहे आणि बांधातून पाझरते आहे. अशा नमुन्यावर मी माझ्या आयुष्यात शंभरदा आकडे वाचले असतील. आणि मग मला ती बाटली आठवली. ओकाऱ्या आणि घाम यांनी कोरडा पडलेला मुलगा. त्याला बाटली लावणे हे कुणालाही शहाणपणाचेच वाटावे. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे. म्हणाली, ‘त्या डॉक्टरांचं काही चुकलं असं नका समजू. त्या वेळी तेच शिकवत असत. आणि विंचू चावलेल्या एखाद्याला पाणी लागतंही. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे ओळखण्यात आमचंसुद्धा अर्धं आयुष्य जातं.’

‘पण मग खालचं दार उघडायचं,’ मी म्हणालो.

‘हो. पण ते दार आहे हे आधी कुणीतरी पाहायला हवं होतं ना?’

ते पाहिले कुणी, ही गोष्ट तिने मला त्या संध्याकाळी सांगितली आणि पुढे मी स्वतः शोधून वाचली. तीत मला सर्वांत नवल वाटले ते एका सालाचे. मी कोकण सोडून खडकवासल्यास आलो ते १९७६ साल. त्याच साली हिंमतराव बावस्कर नावाचे एक तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. बिरवाडी म्हणजे आमच्या गावापासून दोन कोस. ते मराठवाड्यातले, आताच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे; गरिबीतून नागपूरला जाऊन डॉक्टर झालेले. कोकण त्यांना परके, पाऊस परका, आणि हे विंचवाने मरणे तर सर्वस्वी परके. पुस्तकात विंचवाला फार तर अर्धे पान असे. ते अर्धे पान आणि समोर पहाटे मरणारी धडधाकट माणसे, यांचा मेळ बसेना.

फुप्फुसांत पाणी होते ही गोष्ट अगदीच अज्ञात होती असे नाही. १९६१ सालीच, म्हणजे पानशेत फुटले त्याच वर्षी, मुंडले नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी झाल्याची नोंद छापली होती. पण लंडनच्या नियतकालिकातली नोंद आमच्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत यायला कोणती एस.टी. होती? आणि आली असती तरी त्या नोंदीने काय होते एवढेच कळले असते. का होते आणि काय करायचे, हे पुढेच होते.

बावस्करांनी काय केले? खरे सांगायचे तर त्यांनी जे केले ते मला अगदी ओळखीचे वाटते. ते काठावर बसले आणि आकडे वाचले. दंश झालेला माणूस आला की त्याच्या उशाशी रात्रभर बसायचे. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, ओकारी, हातापायांचे गारठणे, सगळे वेळेसकट लिहायचे. प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग तर दूरच. असे करता करता त्यांच्या ध्यानात आले की दम लागण्याच्या कितीतरी आधी शरीर इशारे देते : ओकारी, भरमसाट घाम, लाळ, गार पडलेले हातपाय. ज्याला फक्त दंशाच्या जागी कळा येतात आणि हे काही होत नाही, तो बहुधा निभावतो. ज्याला हे होते त्याच्यावर डोळा ठेवायचा. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा हा लेख आला. धोक्याची पातळी कोणती, ती कधी ओलांडली जाते, हे पूर येण्याआधी सांगणारी पट्टीच त्यांनी लावली म्हणा ना. बाळूला त्या सगळ्या खुणा होत्या. एकही चुकलेली नव्हती.

मध्यंतरी ते पुण्याला आले, बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. झाले, आणि पुन्हा कोकणात परतले. हे परतणे मला शोधाइतकेच मोठे वाटते, पण त्याविषयी बोलायला लागलो तर भाषण होईल. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी पुढे महाडलाच काम केले. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी आधी वापरून पाहिले. त्याने दार उघडे, यात शंका नव्हती. पण ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यायचे, प्रकाशापासून झाकून ठेवायचे, रक्तदाब सारखा मोजत राहायचे. खेड्यात हे कुणी करावे? मग त्यांची नजर प्राझोसिनवर गेली. ही रक्तदाबाची गोळी, तेव्हाच बाजारात मिळणारी, स्वस्त, तोंडाने घ्यायची. आवळलेल्या रक्तवाहिन्यांची नेमकी तीच कडी ती काढते, जी विषाने लोटलेली असते. रोग्याला आडवे ठेवायचे, उठू द्यायचे नाही, आणि रक्तदाब पाहत राहायचे, एवढे पथ्य. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच बावस्कर दांपत्याने हे जाहीर केले. त्याआधी गंभीर दंश झालेल्यांपैकी शंभरांत पंचवीस-तीस दगावत; गोळी वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले.

सूनबाई या गोष्टीत एक पुस्ती जोडते, आणि ती जोडल्याशिवाय मला पुढे जाऊ देत नाही. उशीर झाला तर थकलेले हृदय दार उघडूनही चालत नाही. मग त्याला जोर देणारी औषधे लागतात, कधी कृत्रिम श्वास लागतो. तेव्हा तिच्या वॉर्डातच यावे लागते. शिवाय गोळी विष मारीत नाही. फक्त विषाने मांडलेला पसारा आवरते. विष मारते ते प्रतिविष. त्याचा उपयोग होतो की नाही यावर जगभर वाद होता. तेव्हा बावस्करांनीच महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी केली : निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि जोडीला प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. २०११ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. ज्या गोळीने आपले नाव झाले, तिला एकटीला सोडू नका, असे सांगणारा पुरावा त्याच माणसाने स्वतः गोळा करावा, याचे मला फार वाटते. संशोधनाच्या क्षेत्रात सदतीस वर्षे काढली आहेत. आपल्या नमुन्याच्या प्रेमात पडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे मी जिलेबी आणली. काय म्हणून, ते सौभाग्यवतीला समजावून सांगावे लागले.

एक आणखी विलक्षण गोष्ट वाचनात आली. याच तांबड्या विंचवाच्या विषातून शास्त्रज्ञांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढले आहे. पेशींच्या भिंतीत पोटॅशियमला ये-जा करू देणारी एक प्रकारची बारीक द्वारे असतात. तेवढीच नेमकी बंद करायची झाली तर जगभरच्या प्रयोगशाळांत हे द्रव्य वापरतात. म्हणजे शरीरात कोणते दार कुठे आहे याचा शोध घ्यायला विंचवाचीच नांगी हाताशी धरायची! हे मी मुलांना सांगितले, तर त्यांतल्या एकाने विचारले, मग आम्ही विंचू पकडून विकला तर किती मिळतील? त्याला मी घरी पाठवले.

आणि आता अण्णांविषयी. अण्णा १९७९ साली गेले. बाळूनंतर तेरा वर्षे ते जगले, आणि त्या तेरा वर्षांत त्या रात्रीविषयी एकदाच बोलले. मी खडकवासल्याला जायला निघालो होतो. एस.टी.ची वाट पाहताना ते एकदम म्हणाले, ‘मी त्या म्हाताऱ्यासाठी दोन तास थांबलो.’ बस आली, मी चढलो. त्यावर काय बोलावे ते मला त्या वेळी सुचले नाही, आणि सुचण्यासारखे काही नव्हतेही. आईला, गावाला, मला, सगळ्यांनाच मनातून तसेच वाटत होते की लवकर नेले असते तर मुलगा हाती लागला असता. कुणी बोलून दाखवले नाही इतकेच. खळ्यावरची प्रत्येक पेंढी पुढे अण्णा स्वतः काठीने उलटीत. दुसऱ्या कुणाला ते काम करू देत नसत.

हे मी सूनबाईला सांगितले आणि विचारले, ‘दोन तास आधी नेलं असतं तर?’

तिने लगेच उत्तर दिले नाही. मुद्दाम मला बरे वाटावे म्हणून ती काही बोलत नाही, हे मला ठाऊक आहे; वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या लोकांशी रोज बोलून तिला ती सवय लागली आहे. शेवटी म्हणाली, ‘आज नेलं असतं तर त्या दोन तासांनी सगळा फरक पडला असता. १९६६ साली मात्र दोन तास आधी पोचून तीच इंजेक्शनं मिळाली असती आणि बाटली दोन तास आधी लागली असती. काही मुलं तेव्हाही वाचत, पण ती स्वतःच्या बळावर. त्या दोन तासांनी बाळूकाकांना मारलं, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन.’

मी त्याच रात्री महाडला अक्काला फोन केला. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. त्या रात्री डोलीबरोबर कंदील धरून चालणारी तीच होती. मी तिला सगळे सांगितले. फुगवटा सांगितला, बिरवाडीचे डॉक्टर सांगितले; त्यांना ती ओळखतच होती, तिच्या नातवाला एकदा त्यांच्याकडे नेला होता. मग दोन तासांची गोष्ट सांगितली. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन तुटला की काय असे मला वाटले.

‘मग अण्णांना हे कुणी सांगितलं नाही?’ ती म्हणाली.

‘तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं, अक्का.’

‘हं,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘अनारशाचं पीठ काढलंय रे, उघडंच राहिलंय. ठेवते.’